मंत्री 'हो' म्हणणारच होते

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी चारच अंगं जमिनीला लागली आहेत. बाकीची लागलीच असं समजून घ्यावं.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? आमच्याकडे सगळ्यांच्या प्रकृती ठणठणीत आहेत, फक्त तुमच्या भाचीने माझ्याशी बोलणं टाकलं आहे. तिने तिची बाजू तुम्हाला फोनवर सांगितली असेलच. माझी बाजू फोनवर मावणारी नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

जगातली गरिबी हटवायचं काम सध्या आमच्या घरातून चालतं हे तुम्ही जाणताच. म्हणजे संघटनेची कचेरी आहे, टायरच्या दुकानावर, पण तिथला पंखा बंद पडला की सगळी संघटना आमच्या दिवाणखान्यात येते आणि आमच्या कपबश्या फुटतात. तुमची भाची अध्यक्ष. सोबत एक निवृत्त मुख्याध्यापिका, एक दंतवैद्य आणि एक वकीलबाई. या मंडळींनी वर्षभर सह्या गोळा करून, निवेदनं धाडून अर्थमंत्र्यांची भेट मिळवली. मंत्री कुठल्याशा जागतिक परिषदेला जायचे होते, तिथे गरीब देशांच्या मदतीचा ठराव येणार होता, आणि त्याला आपल्या सरकारने पाठिंबा द्यावा एवढीच यांची मागणी. तिकडच्या कितीतरी शाळा आणि दवाखाने त्यावर अडून आहेत. तुमची भाची त्यापायी जेवायचं विसरायची, हे मी चेष्टेने लिहीत नाही.

आता या लोकांची पद्धत अशी, की भेटीआधी तालीम करायची. एकाने मंत्री व्हायचं आणि बाकीच्यांनी त्याला पटवायचं. मंत्री कोण, तर मी. पोट आहे, आवाज आहे, आणि मुख्य म्हणजे विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारण्यात माझी उभी हयात गेली आहे. (आगीची आगाऊ सूचना न दिल्याबद्दल मी घर जळालेल्या माणसाला इतक्या गोडीने परत पाठवतो, की जाताना तोच माझे आभार मानतो.) हात असलेली घरातली एकुलती एक खुर्ची मला मिळाली. मुख्याध्यापिका उपाशी मुलांबद्दल बोलल्या, मी म्हटलं तिजोरीत खडखडाट आहे. दंतवैद्य आकडे घेऊन आला, मी म्हटलं समिती नेमू. वकीलबाईंना सांगितलं, आधी घरचे गरीब, मग दारचे. एकदा तर तुमची भाची रडकुंडीला आली, पण मलाच म्हणाली, "असंच छळत राहा, त्यातूनच आम्ही तयार होऊ." सुरुवात कुणी केली ते तुम्हीच बघा.

भेटीच्या दिवशी मला नेलं ते पिशव्या उचलायला. गारठवून टाकणारं दालन, लांबलचक टेबल, आणि पलीकडे मंत्री. अंगाने किरकोळ, सर्दीने बेजार, सारखं नाक पुसणारा माणूस. तुमची भाची बोलायला लागली. मामा, काय बोलली ती! इतक्या वर्षांत तिचं ऐकून घ्यायची सवय झालेला मी, पण मीही पिशव्या खाली ठेवायचं विसरून ऐकत बसलो. "तुम्ही हो म्हणालात तर ती मुलं जगतील," असं म्हणून ती थांबली. मंत्र्यांनी चष्मा काढला, सचिवाकडे पाहिलं आणि म्हणाले, "यात नाही म्हणण्यासारखं..."

पण जित्याची खोड. तिच्या त्या शेवटच्या वाक्यानंतर तालमीत नेहमी माझी पाळी असायची. मी पिशव्या मांडीवर घेऊन, खणखणीत आवाजात म्हणालो, "बाई, आपली कळकळ पोचली. पण तिजोरीकडे पाहावं लागतं. घरचे गरीब आहेत. समिती नेमू." मंत्र्यांनी चष्मा परत घातला. बुडत्याला ओंडका सापडावा तसा त्यांचा चेहरा झाला. "या गृहस्थांनी अगदी माझ्या मनातलं सांगितलं," असं म्हणून त्यांनी सर्वांसाठी चहा मागवला. मामा, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना मुख्याध्यापिकांनी पिशव्या स्वतः उचलल्या, आणि तुमची भाची खिडकीबाहेर बघत राहिली.

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला, सध्या सोफ्यावर झोपणारा,
भाचेजावई

ता. क. मंत्र्यांच्या कचेरीतून फोन आला होता. शिष्टमंडळांना भेटायला त्यांना असाच माणूस हवा आहे. मी लगेच रुजू झालो. खुर्ची विमा कंपनीपेक्षा मोठी आहे. हिला अजून सांगितलेलं नाही.

आणखी एक. परिषद पुढे ढकलली गेली म्हणून तुमच्या भाचीने मंत्र्यांची पुन्हा भेट मागितली आहे. अर्ज माझ्याच टेबलावर आला. मी तो मंजूर केला. (आयुष्यातली ही माझी पहिली मंजुरी.) मंगळवारी ती दार उघडून आत येईल तेव्हा समोर मी असेन. तुम्ही कृपा करून तिच्या शेजारी बसायला या. पत्र लिहिलं ते खरं तर यासाठीच.

शेवटचं. या वेळी मला मनापासून हो म्हणायचंय. तसं मी सचिवांना सांगितलं. ते म्हणाले, नाही म्हणायचे पूर्ण अधिकार तुम्हाला आहेत. हो फक्त साहेब म्हणू शकतात, आणि तुम्हाला नेमल्यापासून साहेब कुणालाच भेटत नाहीत.