हात वर आला तरच

प्रिय रुचिता,

एकाच घरात राहून सासऱ्याने सुनेला पत्र लिहायचं, म्हणजे कमालच आहे. हसू नकोस. काल जेवताना तू मला सरळ विचारलंस, आप्पा, तुम्ही सांगा, कंपनीला हो म्हणू का? आणि मी भाकरीचा तुकडा तोंडात कोंबून उठून गेलो. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला काही पडलेली नाही. तसं नाहीये गं. मला तोंडाने नीट सांगता येत नाही. सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर गेली, तिथे बोलायचं काम कंडक्टरचं. म्हणून हे तुझ्या हेल्मेटमध्ये ठेवून बाहेर पडतोय.

कंपनीचं म्हणणं मला कळलं ते असं. तुझ्या बाइकच्या ट्रिपा यापुढे त्यांच्या, तू त्यांची पगारी लीडर. पण स्पितीतला तो दगडधोंड्यांचा, नाल्यांचा रस्ता बंद. डांबरी रस्त्याने जायचं, रोज रात्री गरम पाण्याचं हॉटेल, आणि कंटाळा आला की मागच्या गाडीत बसून एसी लावायचा. सूरजला हे पटलंय. त्याचंही चूक नाही, नवरा आहे तो. तू डोंगरात असलीस की माझा पोरगा इथे डोंबिवलीत फोन उशाशी घेऊन झोपतो. सोमवारी तुला उत्तर द्यायचंय आणि ते तूच द्यायचंस. पण विचारलंस ना, मग ऐक. माझं सगळं सांगणं त्या नाल्यापाशीच येऊन थांबतं.

गेल्या वर्षी तुझा पिकअपचा ड्रायव्हर ऐन वेळी आजारी पडला आणि तू मला उचलून नेलंस. खोपट डेपोतून रिटायर झाल्यापासून मी घरात नुसता सगळ्यांच्या पायात पायात येत होतो. तुझ्या सासूबाईंनी तर माझी बॅग माझ्याआधी भरली. काम काय, तर सगळ्या बाइकच्या मागून चालायचं आणि दमलेला माणूस, बंद पडलेली बाइक पिकअपमध्ये घ्यायची. निघताना तू नियम सांगितलेलास. रायडरने हात वर केला तरच मागची गाडी पुढे येणार. हात वर नाही, तर कोणीही त्याच्या बाइकला शिवायचं नाही. मी मान डोलावली, पण डोक्यात काही शिरलं नव्हतं.

मग कुंझुमची खिंड उतरल्यावर तो नाला आला. दुपारची वेळ, वर बर्फ वितळून पाणी चढलेलं. तू पुढच्यांना घेऊन पलीकडे निघून गेलेलीस. सगळ्यात शेवटी आपली ॲनेट सिस्टर, नौपाड्यातल्या दवाखान्यातली. पन्नाशी उलटल्यावर बुलेट शिकलेली बाई. ती मधोमध आडवी झाली. उठली, बाइक उभी करायला गेली, परत बसली पाण्यात. तिचा हात काही वर आला नव्हता. पण मी एसटीचा ड्रायव्हर. कशेडी घाटात बंद पडलेल्या गाडीचे पॅसेंजर मी कधी विचारून घेतले नाहीत, दार उघडलं आणि चला म्हटलं. तसंच केलं. पलीकडून परत आलेल्या दोघा रायडरना हाताशी धरून तिची बाइक पिकअपमध्ये चढवली, तिला केबिनमध्ये बसवलं, माझी शाल दिली, थर्मासमधला आल्याचा चहा दिला. तिने चहा हातात धरला आणि खाली पाडला नाही एवढंच. प्यायली नाही. मी आपला गप्पा मारतोय, मला वाटलं गारठलीय बिचारी.

तंबूवर पोचल्यावर ती तुला एवढंच म्हणाली, की मी हात वर केला नव्हता. आणि न जेवता झोपायला गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आता सून चारचौघांत माझी इज्जत काढणार. तू नुसतं म्हणालीस, आप्पा, सकाळी गाडी मागे फिरवायची आहे, नाल्यावर.

काय कुरकुर झाली त्या रात्री. मनालीला हॉटेल बुक आहे, गरम पाणी आहे, एका बाईसाठी सगळ्यांनी का थांबायचं? तू शांतपणे सांगितलंस, ज्यांना झोपायचंय त्यांनी झोपा. निम्मे झोपलेच. बाकीचे आले. ॲनेट म्हणत होती, पडले ते दुपारच्या पाण्यात, मग जाईन तर दुपारच्याच पाण्यात. तू तिलाही सरळ नाही म्हणालीस. अवघड निवडायचं म्हणजे जीव टांगायचा नाही, सकाळचं पाणीही पुरे आहे. तिथे मला कळलं, ही पोरगी नुसती डेरिंगवाली नाही, हिला अक्कलही आहे. हे वाक्य जरा उद्धट झालं, पण राहू दे.

तिची बाइक पिकअपमधून परत अलीकडच्या काठावर आणल्यावर तू आधी स्वतः पाण्यात उतरलीस. दगड पायाने चाचपत तिला वाट दाखवलीस आणि मग बाजूला, हात मागे बांधून, गुडघाभर पाण्यात तशीच उभी राहिलीस. ती निघाली. मध्यावर बाइक बंद पडली. माझा हात आपोआप चावीकडे गेला. तू वळून माझ्याकडे बघितलंस, नुसतं बघितलंस. मी चावी काढून खिशात टाकली. आयुष्यात पहिल्यांदा पॅसेंजर समोर अडकलेला असताना मी इंजिन बंद ठेवून बसलो. फार अवघड असतं गं ते. तिने परत स्टार्टर मारला, परत मारला, बाइक घुरघुरली आणि हेलकावे खात ती पलीकडे गेली. तिथे बूट काढून तिने त्यातलं पाणी ओतलं, डोळे पुसले आणि मी गाडी पलीकडे आणल्यावर माझ्याकडे चहा मागितला. त्या दिवशी प्यायली.

मी हजारो माणसं त्यांच्या गावाला पोचवली. स्टँडवर उतरून ती आपापल्या वाटेने गेली, तेच बरोबर. पण ॲनेटचा तो चेहरा घेऊन माझ्या गाडीतून कधी कोणी उतरलं नाही. आणि तुझे पाय. संध्याकाळी तू कोमट पाण्यात पाय सोडून बसलेलीस, काळेनिळे पडलेले, आणि कोणालाही त्याबद्दल काही बोलली नाहीस. डेपोबाहेरच्या टपरीवर मी हे इतक्यांदा सांगितलंय की माझे पेन्शनवाले दोस्त आता मला बघून चहा अर्धा टाकून निघतात. सांगू दे मला. माझी सून आहे.

आता खरं ते सांगतो. मी सकाळी विठ्ठलवाडीला भावाकडे जातो असं सांगतो ना, ते खोटं आहे. कोपर बाथरूमच्या दाराला लागलं, तेही खोटं. तिथल्या एका मोकळ्या मैदानावर खडी टाकलेली आहे, तिथे ॲनेट मला बुलेट शिकवते. मी रोज पडतो. ती बाजूला थर्मास घेऊन उभी असते आणि मी हात वर केल्याशिवाय जागची हलत नाही. बाई पक्का वचपा काढतेय. अजून एकदाही मी हात वर केलेला नाही. तेव्हा कंपनीला काय कळवायचं ते तू ठरव, पण तो नाल्याचा रस्ता राहणार असेल, तर मागच्या गाडीला दुसरा ड्रायव्हर बघ आणि रायडरमध्ये माझं नाव घाल. मी पाण्यात आडवा झालो तर सासरा म्हणून धावत येऊ नकोस. तिथेच उभी राहा, हात मागे बांधून.

तुझाच,
आप्पा