वसीमच्या हातातलं ताट

निझार,

हे पत्र तुला पाठवणार नाही, त्याचंही पोस्टर करशील. सैनिकांच्या गोळीनं माझा वसीम गेला, तेव्हा तू पोस्टरसाठी फोटो मागितलास. मी त्याच्या बहिणीच्या लग्नातला दिला. पाहुण्यांना वाढायला त्यानं कुनाफ्याच्या मिठाईचं ताट धरलं होतं. सख्खा मामा असून तू फोटोतलं ते ताट पुसलंस, हातात बंदूक दिलीस आणि वर तुमच्या पक्षाचं चिन्ह ठोकलंस. विचारलं तर म्हणालास, "ताई, शहीद असाच शोभतो."

आता नाब्लुस शहरात भिंतीभिंतीवर तीच बंदूक आहे. शहिदाचं पोस्टर आपल्यात कुणी फाडत नाही. पुढच्या शहिदाचं त्यावर चिकटतं. म्हणजे ती बंदूक झाकायला मी कुणाच्या पोराच्या मरणाची वाट बघू?

तुझी ताई नव्हे, वसीमची आई,
इन्साफ