माझे घर प्रज्वलला राहायला देते, त्याची कारणे

मी, श्रीमती जयमाला शांतवन सोनोने, वय ६७ वर्षे, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार मेहकर, जिल्हा बुलढाणा, आज माझी स्मृती आणि बुद्धी जाग्यावर असताना, कोणाच्याही दाबाखाली न येता, स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहीत आहे. यकृताचा आजार औषधाच्या पलीकडे गेला आहे. दिवाळी दिसेल असे डॉक्टरांना वाटत नाही, मलाही नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी काही न आठवता केले होते. हे सगळे आठवून करते आहे.

कलम १. माझा देह आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या दफनभूमीत, माझे पती शांतवन यांच्या शेजारी ठेवावा. पेटी साधी असावी. माझ्याविषयी चांगले बोलणारे कोणी उभे राहिले तर दोन मिनिटांत बसवावे.

कलम २. बँकेतील ठेव, माझ्या बांगड्या आणि भांडी माझी एकुलती मुलगी अश्विनी हिला द्यावी. शिवणयंत्र मंडळीतल्या मंजुश्री तायडे हिला द्यावे. त्याचा पट्टा सैल आहे, पण बोर्डिंगात शिकलेली सगळी शिवण मी त्यावरच जपली.

कलम ३. मेहकर येथील माझे दोन खोल्यांचे घर, मागच्या अंगणासह, अश्विनीच्या मालकीचे राहील. परंतु त्यात हयातभर राहण्याचा हक्क मी प्रज्वल वानखडे यास देते. तो सध्या अमरावतीच्या कारागृहात असून पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सुटेल. तो असेपर्यंत हे घर विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही, आणि त्याला बाहेर काढता येणार नाही. तो पुन्हा प्यायला तरीही नाही. अश्विनी, ही ओळ तू दोनदा वाच. अट घालण्याचा अधिकार माझ्याकडे राहिलेला नाही.

हे मी फोनवर सांगितले तेव्हा अश्विनी म्हणाली, "आई, तू एका बेवड्याला घर देतेस? माणूस मारलाय त्याने!" मी म्हटले, "हो." ती म्हणाली, "मग?" तिच्या शेजारी तिचा मुलगा अभ्यास करताना ऐकू येत होता, म्हणून मी फोन ठेवला. उत्तर इथे लिहिते.

कलम ४. कारणे.

प्रज्वल आमच्या उपासनेत ढोलक वाजवत असे. चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होता, पाटीवर पण बोटांनी ठेका धरायचा. पुढे तो मालवाहू गाडी चालवू लागला. लग्न झाले, बायको वर्षभरात माहेरी गेली. चार वर्षांपूर्वी, जानेवारीच्या एका दुपारी, तो माझ्या घरी आला. चहा घेतला नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "बाई, मले दारू सोडायची हाय. सकाळी गाडीत बसलो का हात थरथरतात. तुमाले सोडून कोणाले सांगितलं नाही." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. कोणाला सांगणार नाही, असे त्याने माझ्याकडून वदवून घेतले नाही. त्याला ते सुचलेच नाही.

आमच्या मंडळीचा शिस्तीचा नियम सगळ्यांना पाठ आहे. भाऊ चुकला तर आधी एकट्याने त्याच्याकडे जावे. ऐकले नाही तर दोघा-तिघांनी जावे. शेवटी मंडळीपुढे आणावे. प्रज्वलने तर पहिली पायरी आमच्यावर सोडलीच नाही, ती तो स्वतः चढून आला होता. मला फक्त त्याच्यासोबत चालायचे होते. अकोल्याच्या दवाखान्यात दारू सोडवण्याचा वॉर्ड आहे हे मला ठाऊक होते. तिथे त्याला घेऊन जायला एक दिवस लागला असता.

त्याऐवजी मी शुक्रवारच्या बायकांच्या प्रार्थनेला गेले. तिथे शेवटी प्रत्येकीने प्रार्थनेचा विषय सांगायचा असतो. कोणाचे गुडघे, कोणाच्या मुलाची परीक्षा. माझी पाळी आली. मी डोळे मिटून, मऊ आवाजात म्हणाले, "आपल्या एका भावासाठी प्रार्थना करा. देवाची स्तुती वाजवणारे त्याचे हात दारूने थरथरत आहेत." नाव घेतले नाही. नाव न घेतल्याचे मला समाधानही वाटले. आमच्या मंडळीत वाजवणारा एकच होता.

पायऱ्या उतरताना मंजुश्रीने मला कोपराने थांबवले. "सोनोनेबाई, ढोलकवाला प्रज्वल ना तो?"

मी म्हटले, "प्रार्थना कर."

"म्हणजे तोच!"

रविवारी उपासनेआधी मंडळीचे पंच श्री. प्रेम इंगळे यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितले की प्रभुभोजनाची भाकर घेऊ नकोस आणि ढोलकाला हात लावू नकोस. हे त्यांनी दारात सांगितले, आत येणारे सगळे बघत होते. प्रज्वलने माझ्याकडे पाहिले. मी गीतांचे पुस्तक उघडले. तो गेला, आणि पुन्हा आला नाही. त्याच्याकडे मीही गेले नाही. अडीच महिने. त्याची खोली माझ्या घरापासून सात मिनिटांवर होती.

इथे एक आठवण लिहिते, कारण मला याहून चांगले शिकवलेले होते. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात, सहावीत असताना, मी शेजारच्या खाटेवरच्या मुलीची मखमली रिबन चोरली. सिस्टर अगाथा यांना ती माझ्या उशीत सापडली. त्यांनी मला शिवणखोलीत नेले, दार लावले आणि म्हणाल्या, "दुपारी सगळ्या जेवायला जातील तेव्हा आपण दोघी ठेवून येऊ." आपण दोघी. त्या माझ्यासोबत चालत गेल्या, माझ्यासाठी त्यांनी दाराशी पहारा केला. त्या वारल्या तोपर्यंत ही गोष्ट कोणालाही कळली नव्हती. इतके मिळालेल्या बाईने शुक्रवारी तोंड उघडले, हे मी विसरू शकत नाही.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, संध्याकाळी डोणगावच्या रस्त्यावर प्रज्वलच्या गाडीखाली मंजुळाबाई जुमडे सापडल्या. बाजारात उरलेली भाजी डोक्यावर घेऊन त्या कडेने घरी चालल्या होत्या. प्रज्वल इतका प्यायला होता की गाडीतून उतरल्यावर तो त्यांच्या मेथीच्या जुड्या गोळा करत बसला. पोलिसांना तो तसाच सापडला.

त्याला शिक्षा झाली ती योग्य झाली. गाडी त्याने चालवली, मी नाही. हे तो स्वतः म्हणतो. मी त्याला आजवर नऊ वेळा भेटले. शेवटच्या भेटीत मी म्हटले, "माझ्यामुळे तू सुटलास रे हातातून." तो म्हणाला, "बाई, ते नका घेऊ अंगावर. पण एक सांगा, त्या दिवशी तुम्ही पुस्तक काऊन उघडलं? गाणं तर सुरू झालं नव्हतं." त्याची आई तो आत असताना वारली. खोली गेली. एप्रिलमध्ये फाटकाबाहेर पडल्यावर त्याला जायला जागा नाही. जागा नसलेला दारुडा कुठे जातो, हे मेहकरात कोणाला सांगायला नको.

कलम ५. मंडळीच्या पंचांस. श्री. इंगळे, तुम्ही नोंदवहीत प्रज्वलच्या नावावर तांबडी रेघ मारली. तुरुंगात कोणीतरी जावे अशी विनंती मी तीनदा लिहून दिली. तुम्ही म्हणालात, "बाई, पेपरात मंडळीचं नाव आलं नाही यातच देवाची कृपा माना." तुमच्यावर माझा राग आहे आणि तो मी सोबत नेत नाही, इथे ठेवून जाते. रेघ पुसता येत नसेल तर खाली नाव पुन्हा लिहा. आणि एप्रिलमध्ये दोघांनी अमरावतीला जाऊन त्याला घेऊन या. त्या दोघांतले एक तुम्ही असावे. दारात त्याला तुम्हीच अडवले होते.

कलम ६. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी मंजुश्री तायडे हिला नेमते. तिने विचारले आणि मी सांगितले, म्हणून हे काम तिचे. ती रडली, पण तयार झाली. घराची किल्ली ती प्रज्वलच्या हातात देईल. त्याच आठवड्यात ती त्याला अकोल्याला नेईल, सोबत बसेल, आणि शुक्रवारी त्याविषयी एक शब्द बोलणार नाही.

साक्षीदारांविषयी. डॉ. मनाली देशमुख यांनी मला तपासून शुद्धीचा दाखला जोडला आहे. दुसरे साक्षीदार श्री. महादेवराव जुमडे, राहणार डोणगाव, हे मंजुळाबाईंचे पती आहेत. त्यांना मीच बोलावले. कलम ४ त्यांना वाचून दाखवायचे होते, कारण ते त्यांना आजवर कोणी सांगितले नव्हते.

ऐकून त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे तुमाले ठाऊक होतं, मास्तरीणबाई."

"हो."

"तुमच्या अख्ख्या मंडळीले?"

"हो."

"अन् माह्या मंजुळेलेच ठाऊक नव्हतं."

मी त्यांना सही करू नका असे म्हटले. त्यांनी पेन मागून घेतला आणि सांगितले की आपले म्हणणे सहीच्या वर लिहावे. त्यांनी सांगितले तसे लिहिले आहे.

ठिकाण : मेहकर
दिनांक : ९ मार्च २०२६

मृत्युपत्र करणार : जयमाला शांतवन सोनोने (सही)

साक्षीदार १ : डॉ. मनाली देशमुख (सही)

साक्षीदार २ : "बाईनं माह्यासमोर सही केली, शुद्धीत केली. मी त्या पोराले माफ केलं नाही, अन् करतो असं कोणी म्हणू नये. पण घर त्याले द्या. त्याले कोणीतरी सांभाळा. आमच्या बाया अजून त्याच रोडनं पायी येतात."
महादेवराव सखाराम जुमडे (सही)