टोला परत येईपर्यंत

सोमवार, ३ नोव्हेंबर

तीन फ्रेमवर्क, दोन आठवडे आणि मी एकटी! मॅडमनी बैठकीत सगळ्यांदेखत काम माझ्या गळ्यात घातलं. आमच्या लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तक्रारीचे फोन आता एआय एजंट घेणार. इमारतीची जुनी माहिती काढायची, जवळचा मेकॅनिक पाठवायचा, आणि मेकॅनिकने सांगितलं की बंद पडलेली लिफ्ट इथूनच चालू करायची — यातल्या प्रत्येक कामाचं एकेक टूल त्याच्या हाताशी. पण हा एजंट बांधायचा तीनपैकी कुठल्या फ्रेमवर्कवर, म्हणजे कुठल्या तयार सांगाड्यावर? ते मी ठरवायचं. "तूच बघ," मॅडम म्हणाल्या, "तुझ्या घरातच लिफ्ट मुरलेली आहे."

मुरलेली आहे खरी. बाबांनी अख्खी नोकरी लिफ्टच्या खड्ड्यात काढली, याच कंपनीत. आता आतल्या खोलीत पडून असतात. पावसाळ्याआधी झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही. डॉक्टर म्हणतात, त्यांना सगळं कळतं, फक्त बाहेर काढता येत नाही. मान हलवतात, पण हो म्हणायला जशी हलते तशीच नाही म्हणायला. काय विचारणार?

संध्याकाळी दादाचा फोन. त्याच्या शहरात एक केंद्र आहे, अशाच पेशंटचं. राहायची सोय, व्यायाम, बोलायला शिकवणारे लोक. जागा मिळाली म्हणे. सोळा तारखेला, रविवारी गाडी पाठवतोय. "बाबांना विचारलं मी परवा व्हिडिओवर. काही बोलले नाहीत. म्हणजे हरकत नाही त्यांची."

माझी आहे! पण मीही काही बोलले नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

तिन्ही फ्रेमवर्क उतरवून घेतली. त्यांची खरी नावं इतकी भारदस्त की जीभ अडखळते, म्हणून शेजारच्या टेबलावरच्या पोराने आणि मी बारसं उरकलं. (या पोराला सगळे घाई म्हणतात. फोन वाजायच्या आधी उचलतो.)

पहिलं मोकाट. टूल्सची थैली मॉडेलच्या, म्हणजे एजंटाच्या मेंदूच्या, हातात द्यायची आणि म्हणायचं, कर बाबा तुला काय करायचं ते. ते एक टूल उचलतं, काय झालं ते बघतं, दुसरं उचलतं, काम होईपर्यंत. जेवणाच्या सुट्टीआधी चालू झालंसुद्धा.

दुसरं आखीव. यात आधी सगळ्या पायऱ्या काढायच्या, कुठून कुठे जायचं, कुठे वळायचं, कुठे थांबायचं. मॉडेलने डोकं चालवायचं ते त्या चौकटीत. अख्खी दुपार बाण जोडण्यात गेली.

तिसरं गप्पिष्ट. एका एजंटाऐवजी चार. एक फोन घेणारा, एक माहिती काढणारा, एक मेकॅनिकशी बोलणारा, एक सगळ्यांवर लक्ष ठेवणारा. आपसांत चर्चा करून काम उरकतात. आमच्या कार्यालयासारखंच, फक्त चहाचं बिल येत नाही.

थैलीवरून बाबांची थैली आठवली. खाकी कापडाची, तळाला आईने दुहेरी ठिगळ लावलेली. ते कामावरून आले की मी ती उचलायचा प्रयत्न करायची, आणि ते दारातच उभे राहून बघायचे. एकदा उचलली तेव्हा केवढे खूश झाले होते! त्या थैलीला तेलाचा आणि लोखंडाचा वास यायचा. आजही लिफ्टचं दार उघडलं की तो वास येतो आणि मला भूक लागते. बाबा आले की आम्ही जेवायला बसायचो ना, म्हणून.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

मोकाटने आज घाम फोडला.

तळघरात आमची चाचणीची लिफ्ट आहे, तिच्यात माणूस कधीच बसत नाही. घाईला मेकॅनिक केलं. एजंटाने त्याला विचारायचं, "मी लिफ्ट चालू करू का?", त्याने हो म्हटलं की चालू करायची. घाई नेमका पायऱ्यांवर कुणाशी तरी हसत उभा, फोन खिशात. एजंटाने थोडी वाट पाहिली आणि लिफ्ट दिली सोडून! नोंदीत शांतपणे लिहिलं होतं — मेकॅनिककडून उत्तर आले नाही, हरकत नसावी असे धरून पुढे गेलो.

घाई म्हणाला, "अहो, खड्ड्यात कुणी नव्हतंच की!" मी त्याच्यावर ओरडले. बिचारा गांगरला. माझा आवाज माझ्याच ओळखीचा नव्हता. बाबांचा होता.

कारण बाबांच्या टोळीत हे असं करणाऱ्याला त्यांनी परत थैली उचलू दिली नसती. खड्ड्यात आवाज घुमतो, वरून कोण काय ओरडलं ते खाली कळत नाही. म्हणून त्यांची टोल्यांची रीत होती. पान्याने लिफ्टच्या रुळावर दोन टोले म्हणजे — चालवू का? समोरून दोन आले तर चालव, एक आला तर थांब. आणि काहीच आलं नाही तर? तर हात लावायचा नाही. दिवस मावळला तरी नाही. दोन आले तरी लगेच चालवायचं नाही. विचारणाऱ्याने तेच दोन पुन्हा वाजवायचे — ऐकलं तुझं, आता चालवतो — मगच.

ही रीत घरात पण आली होती. कपाट सरकवायचं, एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला दादा आणि मी. बाबा कपाटावर दोन टिचक्या मारणार, आम्ही दोन मारणार, ते परत दोन मारणार, मग कपाट हलणार. दादा एकदा आधीच ढकलून मोकळा झाला, तर कपाट पुन्हा जागेवर नेऊन पहिल्यापासून! आई म्हणायची, "हे घर आहे की लिफ्टचा खड्डा?" आणि न्हाणीघराच्या दारावर तीही दोन टिचक्या मारून थांबायची.

किती वर्षांत कुणी टिचक्या मारल्या नाहीत या घरात.

रविवार, ९ नोव्हेंबर

दादाने केंद्राचं चित्रण पाठवलं. बाबांना उशा लावून बसवलं आणि दाखवलं. मोठ्या खिडक्या, व्यायामाची खोली, एक बाई एका आजोबांकडून अक्षरं म्हणवून घेतेय. बाबा नुसते बघत होते. शेवटी लिफ्ट आली, जुन्या पद्धतीची, जाळीच्या दाराची. तेव्हा मात्र पुढे झुकले. डावा हात पांघरुणाबाहेर आला.

दिवसभर त्यांच्याजवळ असणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, आवडलं वाटतं त्यांना."

मी म्हटलं, "लिफ्ट आवडली. जन्मभराची सवय आहे."



सोमवार, १० नोव्हेंबर

आज गप्पिष्टची पाळी. हसून हसून पुरेवाट! घाईला मुद्दाम सांगितलं, उत्तर देऊ नकोस. लक्ष ठेवणाऱ्या एजंटाने विचारलं, मेकॅनिकची परवानगी आली का? मेकॅनिकशी बोलणारा एजंट म्हणाला, मी मेकॅनिकला चांगलं ओळखतो, त्यांची परवानगी आहे. चौघांनी एकमेकांचे आभार मानले आणि लिफ्ट सुरू! घाई हातात मुका फोन धरून उभा. म्हणाला, "मी केव्हा हो म्हणालो?"

त्या भल्या एजंटाच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला फक्त वाटलं की त्याला माहीत आहे.

घरी आल्यावर दादाशी वाजलं. मी सांगून टाकलं, "गाडी पाठवू नकोस. बाबांना इथेच राहायचंय."

"त्यांनी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? मला कळतं त्यांच्या मनातलं."

"अगं, तिथे ते बोलायला लागतील कदाचित. इथे तू दिवसभर ऑफिसात, ते छताकडे बघत पडलेले. हे कळतं का तुला?"

फोन मी ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसले. बाबा गेले तर या घरात मी आणि फ्रिजचा आवाज, एवढंच राहील. त्यांना मी भरवते, पेपर वाचून दाखवते, ते ऐकतात. मला हवेत ते. हे दादाला कसं सांगायचं?

बुधवार, १२ नोव्हेंबर

आखीव. लिफ्ट चालू करायच्या पायरीच्या आधी एक थांबा काढला. तिथे सगळं जसं आहे तसं जपून ठेवायचं आणि माणसाचं उत्तर येईपर्यंत पुढे पाऊल टाकायचं नाही. काल संध्याकाळी चाचणी लावली, घाईला गप्प बसवलं, आणि निघताना संगणकच बंद केला. सकाळी चालू केला — तो आपला त्याच पायरीवर उभा! मी लिफ्ट चालू करू का? घाईने हो म्हटलं. त्याने ते हो परत म्हणून दाखवलं (ही भर माझी) आणि मग लिफ्ट हलली.

मोकाटला आणि गप्पिष्टला थांबा लावता येत नाही असं नाही. येतो. पण त्यांच्यात तो बाहेरून बांधावा लागतो, आखीवमध्ये तो पायरीतच बसतो. अहवालात तसंच लिहिलं. साध्या चौकशीला मोकाट वापरा, पटकन होतं. गप्पिष्टला आपल्याकडे काम नाही. लिफ्टला हात लावायचा असेल तर आखीवच.

मॅडमनी विचारलं, "आणि मेकॅनिकने उत्तरच दिलं नाही तर?"

"तर लिफ्ट बंद राहील."

"ग्राहक ओरडेल."

"ओरडू दे."

मॅडमनी सही केली. पूर्वी त्या तक्रार विभागात होत्या, बाबा त्यांच्याकडून कामाचे कागद न्यायचे. जाताना म्हणाल्या, "तुझे बाबा अगदी असेच होते. डोक्याला ताप!" आणि हसल्या. मला रडूच आलं एकदम.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

बस थांब्यावर उभी होते, आणि झटकन डोक्यात आलं.

दादाने बाबांना विचारलं, उत्तर आलं नाही, त्याने हो धरलं. दादा मोकाट.

मी तर विचारलंही नाही. त्यांच्या वतीने परस्पर नाही सांगून मोकळी. मी गप्पिष्ट!

त्यांना विचारून उत्तराची वाट कुणी पाहिली? दोघांपैकी एकानेही नाही. आणि वाढवलं कुणी आम्हाला? बस आली, मी चढलेच नाही. पुढची पकडली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बाबांच्या पलंगाचा कठडा लोखंडी आहे. महिनोन् महिने रोज पुसतेय, लक्षात कधी आलं नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

माळ्यावरून थैली काढली. ठिगळ शाबूत. छोटा पाना निवडला, पुसला आणि बाबांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी तो आधी उलटा केला, मग सुलटा, मग अंगठ्याने तोंडाची कड चाचपली. मावशी म्हणाल्या, "अहो ताई, लागेल त्यांना!"

मी दुसरा पाना घेऊन कठड्यावर दोन टोले दिले. "बाबा, चहा आणू?"

काही नाही. मी हललेच नाही. मावशी काही बोलणार होत्या, मी बोट ओठांवर ठेवलं. बाबांचा हात सावकाश उठला.

टण्. टण्.

मी परत दोन वाजवले आणि चहाला धावले. रडत होते आणि साखर शोधत होते! आल्यावर विचारलं, "पेपर वाचू?" दोन. "अग्रलेख वाचू?" एक, खणखणीत. मावशी खो खो हसत सुटल्या. "मी चांगला स्वयंपाक करते ना?" यावर बाबांनी बराच वेळ घेतला. मग एक. डोळ्यांत अगदी जुनं हसू होतं, मला चिडवायचे तेव्हाचं. इतके दिवस माणूस आत जागा होता, आणि आम्ही त्याच्या हातात वाजवायला काही दिलं नव्हतं.

दादाला फोन केला. त्याला फोनवरून टोले ऐकवले. तो मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "कपाट आठवलं गं." गाडी ठरल्याप्रमाणे येईल, पण बाबांना विचारायचं, ते सांगतील तसं, असं ठरलं. एक आला तर गाडी रिकामी परत. "मी काही म्हणणार नाही," दादा म्हणाला.

खरा प्रश्न आजच विचारता आला असता. नाही विचारला. आजचा दिवस मला हवा होता. उत्तर काय येणार ते ठाऊक आहे म्हणा. आज किती खुशीत होते!

रविवार, १६ नोव्हेंबर

न्याहारीनंतर विचारलं. दोन टोले दिले आणि सरळ म्हटलं, "बाबा, दादाकडच्या केंद्रात न्यायचं तुम्हाला?" आणि थांबले.

दोन आले.

नीट ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा विचारलं. पुन्हा दोन, पहिल्यापेक्षा मोठ्याने.

गाडी खाली आली आहे. आता तेच दोन मी परत वाजवायचे, त्याशिवाय काही हलणार नाही. पाना माझ्या हातात आहे. बाबा माझ्याकडे बघत थांबलेत.