कोणते बाबूलाल?

मुक्काम अड्याळ

सन्माननीय व्याही श्री. बाबूलालजी यांना टिकारामचा हात जोडून आणि मान खाली घालून रामराम.

तुमची, विहीणबाई शकुनबाईंची, जावईबापूंची आणि आमच्या रीनाची तब्येत चांगली असेल अशी आशा करतो. आशाच करावी लागते, कारण फोन तुम्ही उचलत नाही आणि मोबाईलवर पाठवलेल्या निरोपापुढे एकच खूण येऊन थांबते. (माझी नात उर्वशी म्हणते की एकच खूण म्हणजे समोरच्याने आपल्याला बंद केलं आहे. मी म्हटलं, तुमच्या करडी गावाला रेंज नसेल. ती म्हणाली, "आबाजी, करडीले रेंज हाय, तुमची नाई.") म्हणून हे पत्र. आमच्याकडचं म्हणाल तर माझा डावा गुडघा धरलेला आहे, भूक लागत नाही, झोप लागत नाही, आणि लागलीच तर स्वप्नात माईक येतो.

आमच्या गावच्या मंडईच्या जत्रेत त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण ते माझ्या तोंडात कुठून आलं हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि ते सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडणार नाही.

झालं असं, की उर्वशी नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करते. तिच्या क्लासच्या मॅडमनी सांगितलं की इंग्रजी पक्कं करायचं असेल तर ज्याला काहीच येत नाही अशा माणसाला शिकवा. तिने घरभर नजर फिरवली आणि सरळ माझ्यापुढे येऊन बसली. (तिची आजी तिथेच तांदूळ निवडत होती. पण ललिताबाईंना काहीच येत नाही असं म्हणायची आमच्या घरात कोणाची छाती नाही.) मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. इंग्रजी मला खताच्या पोत्यावर जेवढं दिसतं तेवढंच ठाऊक. पण नात समोर बसून शिकवते म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं?

पहिल्या दिवशी तिने वाक्यांच्या जाती सांगितल्या. एक साधं सांगणारं वाक्य, एक विचारणारं, एक हुकूम देणारं आणि एक आश्चर्याचं. मला हे लगेच समजलं, कारण हुकमाचं आणि आश्चर्याचं ही दोन्ही वाक्यं ललिताबाईंकडे असतात, विचारायचं काम माझ्याकडे आहे, आणि साधं सांगणारं वाक्य आमच्या घरात बरीच वर्षं कोणी बोललेलं नाही. पुढच्या दिवशी तिने सांगितलं की दोन सारखी वाक्यं जोडली तर जोडवाक्य होतं. मी म्हटलं, म्हणजे एका जुवाखाली दोन बैल, दोघेही आपापल्या पायाने चालणारे. ती खूश झाली. मग म्हणाली, मिश्रवाक्यात एक मोठं वाक्य असतं आणि दुसरं एकट्याने उभं राहू शकत नाही. मी म्हटलं, म्हणजे गाय आणि तिच्यामागचं वासरू. व्याहीबुवा, पोरगी उठून माझ्या पाया पडली. इथेच माझं डोकं फिरलं. आयुष्यभर मला कोणी हुशार म्हटलं नव्हतं. म्हातारपणी म्हटलं आणि ते मला पचलं नाही.

त्यानंतर आला रिलेटिव्ह क्लॉज. उर्वशीने सांगितलं की एकाच नावाची बरीच माणसं असली तर आपल्याला कोणता माणूस म्हणायचा आहे ते दाखवायला नावाच्या मागे एक छोटं वाक्य लावतात. इंग्रजीत माणसाला 'हू' आणि वस्तूला 'विच'. मी म्हटलं, अगं, हे तर आम्ही न शिकताच बोलतो! तुम्हाला ठाऊक आहे, आमच्याकडे आडनावाने माणूस कोणी ओळखत नाही, त्याच्या हातून काय घडलं त्यावरून ओळखतात. आता डोमाच घ्या. ज्याची म्हैस तळ्यात बसली की दिवस मावळेपर्यंत उठत नाही तो डोमा, ज्याने स्वतःच्या लग्नात फेटा उलटा बांधला होता तो डोमा, आणि ज्याच्या हातून आजवर काहीच घडलं नाही तो डोमा. (हा तिसरा सगळ्यांत लवकर ओळखू येतो.) मग मी दिवसभर तोच सराव करू लागलो. 'द बफेलो विच डू नॉट गेट अप.' 'द वाइफ हू इज कमिंग.' ललिताबाईंनी दोनदा विचारलं, "डोकं तं ठिकान्यावर हाय ना जी?"

अशा अवस्थेत मंडई आली. गावोगावचे पाहुणे, दुकानं, आकाशपाळणा, आणि संध्याकाळी नाटक. नाटकवाल्यांची गाडी वाटेत अडकली, लोक कंटाळून उठायला लागले, तेव्हा आमच्या मंडळाचे अध्यक्ष चंद्रकुमार यांनी बाहेरगावच्या व्याह्यांचा शेला-नारळ देऊन सत्कार करायचं ठरवलं आणि नावं पुकारायला माईक माझ्या हातात दिला. माझा आवाज मोठा आहे एवढाच त्यांचा हेतू होता. तुमचं नाव घेताना माझी छाती भरून आली होती, हे खोटं नाही. मी पुकारलं, "करडीचे बाबूलालजी!" आणि पाहतो तर पहिल्या रांगेतून करडीचे दुसरे बाबूलाल, ते धानाचे व्यापारी, कोटाची बटणं लावत मंचाकडे निघालेले! तुम्ही बिचारे मागे बसलेले, अर्धे उठलेले, त्यांना पाहून परत बसलेले.

माझ्या व्याह्याचा शेला दुसऱ्याच्या गळ्यात पडतो हे पाहून माझा जीव वर आला. आता कोणते बाबूलाल हे दाखवणारं छोटं वाक्य पाहिजे होतं, आणि तेही ताबडतोब. तोंडातून निघालं ते असं: "बाबूलाल, हू वेंट इन अनदर मॅरेज अँड एट फूड!"

इथेच थांबलो असतो तर निभावलं असतं. त्या मैदानात हे कोणाला समजलेलं नव्हतं. उलट लोकांनी टाळ्या वाजवल्या, कोणी तरी म्हणालं, "टिकाराम मामा तं साहेब झाले ना बे!" व्यापारी बाबूलालही थांबले होते, कारण त्यांनाही समजलं नव्हतं. पण चंद्रकुमार माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मामाजी, मराठीत होऊन जाऊ द्या जी. कोन्ते बाबूलाल ते समजूनच नाई राह्यलं." आणि मी, टाळ्यांनी फुगलेला, सगळं मराठीत सांगितलं. की ज्यांनी रीनाच्या लग्नात वरातीच्या पुढे मोटारसायकलने येऊन, त्याच गल्लीतल्या दुसऱ्याच मांडवात शिरून, टिळा लावून घेऊन, पंगतीत बसून, बुंदी दुसऱ्यांदा मागून घेतली, आणि तिथल्या नवरदेवाला पाहून "हा आमचा पोरगा नाही" असं म्हटलं, ते बाबूलाल.

व्याहीबुवा, त्या लग्नाच्या दिवशी मी तुमचा हात धरून म्हटलं होतं की ही गोष्ट आपल्या दोन घरांबाहेर जाणार नाही. तुम्हाला शोधताना मुहूर्त टळला, तो गाडी पंक्चर झाल्यामुळे, असं आपण सगळ्यांना सांगितलं, आणि सगळ्यांनी ते मानलं. एवढी वर्षं ते पंक्चर आपण दोघांनी सांभाळलं. ते मी माईकवर उघडं केलं. अख्खं मैदान हसलं. व्यापारी बाबूलाल सगळ्यांत जास्त हसले आणि जाऊन बसले. तुम्ही मंचावर आलात, शेला घेतलात, घडी केलीत, खुर्चीवर ठेवलात, "बस झालं जी" एवढंच म्हणालात आणि चपला घालून निघालात. घरी लाखोरीच्या डाळीचे वडे तुमच्यासाठी तळून ठेवलेले होते. व्याही मंडईला येऊन जेवल्याविना परत गेला, असं आमच्या घराबद्दल पूर्वी कधी कोणाला म्हणता आलं नव्हतं.

ललिताबाई त्या दिवशी काय बोलल्या ते सगळं लिहीत नाही. थोडंच लिहितो. "तुमाले कोनं सांगतलं होतं माईक धराले? एवढी इंग्रजी कायले पाह्यजे होती? आता लेकीले कोन्या तोंडानं बोलवू?" शेवटच्या प्रश्नासाठी मी फोन हातात घेतला. जावईबापूंना फोन केला तर ते म्हणाले, "मामाजी, बाबा काहीच बोलत नाई. रागावले असते तं समजावलं असतं. असे गप असताना रीनाले कसा आनून सोडू?" त्यांचंही खरं आहे.

आणि तुम्हाला आमच्या घरचा नियम माहीत आहे. नव्या धानाचा तांदूळ आला की रीना माहेरी येते, तिच्या हाताने पहिला भात शिजतो, मगच आम्ही नवं खातो. ललिताबाई हा नियम मोडत नाहीत. नव्या तांदळाचं पोतं भिंतीला टेकून उभं आहे, तोंड शिवलेलं. जुना तांदूळ संपला. सध्या आम्ही ज्वारीच्या भाकरी खातो. स्वतःच्या बांधीत धान पिकवून, घरात पोतं ठेवून, भातावाचून बसलेलं भंडारा जिल्ह्यात आमचंच एक घर असेल. (भाकर मला चाववत नाही. पण हे कोणाला सांगू?)

मंडईनंतर उर्वशीने राहिलेला धडा शिकवला. ही नावामागची छोटी वाक्यं दोन प्रकारची असतात म्हणे. एक अशी की ती काढली तर माणूस ओळखूच येत नाही. दुसरी नुसती वरून जोडलेली. त्यांच्या मागेपुढे स्वल्पविराम असतो, आणि ती उचलून बाजूला ठेवली तरी माणूस तोच राहतो. मी तिला म्हटलं, पोरी, हा धडा आधी का नाही घेतलास? ती म्हणाली, "आबाजी, पुस्तकात तो पुढच्या पानावर होता." एका पानाने घात केला.

कारण तुम्हाला ओळखायला दुसरं किती होतं! माझा गुडघा पहिल्यांदा धरला तेव्हा ज्यांनी मला मोटारसायकलवर मागे बसवून भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं आणि जे दिवसभर बाकावर बसून राहिले, ते बाबूलाल. ज्यांनी आमच्या रीनाला एकदाही सूनबाई म्हटलं नाही, बेटीच म्हटलं, ते बाबूलाल. ही वाक्यं मला आता आठवतात, भाकर चावताना. तेव्हा मात्र बुंदीच आठवली. माणसाची चांगली गोष्ट सांगायला थोडा विचार करावा लागतो, हसण्यासारखी गोष्ट जिभेवर तयारच बसलेली असते. माझं चुकलं. यात जोडवाक्य नाही, मिश्रवाक्य नाही. साधं वाक्य आहे.

अधिक लिहीत नाही, अधिक बोलूनच ही वेळ आली. विहीणबाईंना नमस्कार.

तुमचा (तुम्ही अजून मानत असाल तर) व्याही,
टिकाराम

ता. क. मूळ गोष्ट लिहायची राहिली. रीनाला पाठवा. आणि तुम्हीही या. मी तुमच्यासमोर तोंड उघडणार नाही, वाटल्यास पंगतीत दूर बसेन. पुढच्या मंडईलाही माईक तुम्हीच धरा, असं चंद्रकुमार मला म्हणतात, लोकांना फार आवडलं म्हणे. मी नाही म्हणणार आहे. निदान अजून हो म्हटलेलं नाही.

ता. क. दुसरा. पाकिटावर नुसतं 'बाबूलाल, करडी' लिहिलं तर ते त्या व्यापाऱ्याकडे जातं. मंडईचं आमंत्रण असंच त्यांच्याकडे गेलं होतं, तुम्हाला नंतर फोन करावा लागला, आणि म्हणूनच ते व्यापारी कोट घालून पहिल्या रांगेत बसले होते. या वेळी पत्त्यात मी लिहिलं, 'ज्यांच्या घरी आमची रीना नांदते ते बाबूलाल.' ललिताबाई म्हणाल्या, "करडीत रीना का एकच हाय?" शेवटी उर्वशीने तुमच्याकडच्या पोस्टमनला फोन लावला. ते म्हणाले, "मांडववाले बाबूलाल ना? माहीत हायेत." देताना दारात एकदा तेच विचारून खात्री करतील म्हणे. व्याहीबुवा, पाया पडतो, रागावू नका. त्यांनी विचारलं तर फक्त हो म्हणा. नाही म्हणालात तर पत्र व्यापाऱ्याकडे जाईल आणि तो हे सगळं वाचेल.

ता. क. तिसरा. आता पाकीट चिकटवताना लक्षात आलं, की हे तुम्ही वाचत असाल तर दारात हो म्हणून झालेलं आहे. मग थोडा राग तिथेच उतरला असं मी धरून चालतो. ललिताबाईंना तसं सांगितलं. त्यांनी नव्या तांदळाचं पोतं उघडलं नाही. पण तोंडाची सुतळी सैल करून ठेवली आहे.