तुझं हात मीच धरलं

चिरंजीव आकाराम, थोरल्या दादाचा आशीर्वाद.

आईचा हात मोडला तवा तुझी वैनी बाळंतपणाला माहेरी हुती, म्हणून तू जात्यावर बसलास. आईच्या ओव्या म्हणत दळायचास. पुढं तीन सोयरिकी मोडल्यास. गावानं ठरवून टाकलं, ह्याला बाईमाणूस नगं, ह्याचा जीव बाप्यांवर हाय, ह्याला यल्लम्माला सोडा. जोगतीण तुझ्या गळ्यात देवीचं मोती बांधाय आली तवा तुझं हात मीच धरलं. तू हिसडा मारून गेलास त्यो थेट साताऱ्याच्या लष्करभरतीत.

काल पायगोंडा पाटलाची त्रिशला आईच्या पायाशी बसून रडली. तिच्यापायी तू सोयरिकी मोडत हुतास. जैनाची लेक मराठ्याच्या घरात कोण देणार, म्हणून गप ऱ्हायलास.

आई म्हणाली, "आमी भलतंच समजलो गं बाई."

आई समजली आसंल भलतं. मी न्हाई. तू तसला न्हाईस हे मला ठावं हुतं, कारण तसला मी हाय. तालमीतला लालासाहेब लगीन करून वडूजला गेला, तवा आठ दिस माझ्या घशाखाली घास उतरला न्हाई. गाव तुझ्याकडं बघत हुतं तवर माझ्याकडं कुणी बघत नव्हतं, आकाराम.

तुला वाचाय येत न्हाई. पलटणीत तुझी पत्रं वाचून दावणारा जोतिबा आपल्याच गावचा. तवा ह्ये चुलीत घालतो आन् दुसरं लिवतो: इकडं समदी खुशाल हाईत.

तुझा दादा