सहज आलो होतो

प्रिय शालू,

फोन न करता पत्र का, म्हणून तोंड वाकडं करू नकोस. आपला फोन तुझ्या अण्णांच्या खुर्चीला चिकटून आहे आणि त्यांचे कान अजून पलटणीतलेच आहेत. आत्ता ते शेजारी भैरूभाऊंकडे गेलेत, पण फोनवर बोलताना मध्येच परतले तर पकडली जाईन, म्हणून तेवढ्यात लिहूनच घेते.

धायरीतला आपला माजी सैनिकांचा दवाखाना बंद व्हायला निघाला होता. पेशंटच येत नाहीत म्हणे! यापुढे शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं, दोन बस बदलून. सुभेदारांच्या सोजरबाईंचे गुडघे तुला ठाऊकच आहेत. त्या म्हणाल्या, मला तिथवर न्यायला खांदेकरीच लागतील.

पेशंट येत नाहीत हे खोटंही नव्हतं गं. रोज सकाळी बाक भरलेला असतो. पण इस्त्रीचे कपडे घालून, मिशीला पीळ देऊन बसलेले हे सगळे! सुहासिनी सिस्टरनं विचारलं की एकच उत्तर, "काही नाही, सहज आलो होतो." पलटणीत आजारी म्हणून नाव दिलं की माणूस कामचुकार ठरायचा, ती लाज अजून गेलेली नाही. ताप अंगावर काढतील, पण खिडकीवर नाव सांगणार नाहीत. आपला दवाखाना आपणच बुडवत होते, शहाणे कुठले!

तपासणीला मोठे साहेब येणार असं सिस्टरनं कानावर घातलं, तशी मी आणि सोजरबाई घरोघर फिरलो. बायकांना म्हटलं, आपापला नवरा खिडकीपर्यंत नेऊन उभा करा. ज्यांचे गेले त्यांनाही सांगितलं, तुमचाही हक्क आहे, बिनधास्त या. बायका आल्या, खिडकीवर गर्दी झाली, पण पुरुष आपले बाकाला खिळलेले. साहेबांनी तुझ्या अण्णांना विचारलं, तुम्हाला काय होतंय? मला वाटलं, झालं, आता म्हणणार सहज आलो. पण ते भिंतीला धरून उठले, टाचा जुळवल्या आणि खड्या आवाजात म्हणाले, "हवालदार बजरंग रायकर, बीमार, साब!" मग एकेक करत सगळा बाक उठला. मला मेलीला रडूच आवरेना. परवा निरोप आला, दवाखाना इथंच राहणार. सोजरबाईंनी अख्ख्या आळीत पेढे वाटले.

शालू, मला वाटलं होतं, दवाखाना वाचावा म्हणून ते तसं म्हणाले. पण आत गेल्यावर त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, जिना चढताना छातीत कळ येते, दिवाळीपासून. माझ्यापासूनही लपवलं गं! इतका राग आला, आणि तितकीच माया. पुढच्या पंधरवड्यात मोठ्या इस्पितळात हृदयाचं ऑपरेशन आहे. शालूला कळवायचं नाही, लेकराबाळांची आहे, उगाच धावत येईल, असं मला बजावलंय. आणि रोज संध्याकाळी फाटकाशी उभे राहून रस्त्याकडे बघत असतात. मला फार भीती वाटतेय, तू ये. फाटकातच विचारतील, का आलीस? तर सांग, काही नाही अण्णा, सहज आले.

फाटकाकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई